रात्रभर वाहणारी टाकी

गेल्या मे महिन्यात चार दिवसांसाठी लातूरला आत्यांकडे गेले होते. आत्यांचे वय ७८. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो. घरात त्या एकट्याच. दिवसा मदतीला एक बाई येतात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या घरी जातात. पहिल्याच रात्री मला झोप लागेना. पंख्याच्या घरघरीआडून कुठूनतरी एक बारीक, अखंड सुस्कारा ऐकू येत होता. उठून शोध घेतला, तेव्हा तो संडासातून येत असल्याचे लक्षात आले. फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा सतत उतरत होता. मधूनच टाकी भरू लागे, थांबे आणि थोड्या वेळाने पुन्हा भरू लागे.

सकाळी चहा घेताना मी विषय काढला.

“आत्या, तुमची फ्लशची टाकी रात्रभर वाहते. कधीपासून चाललंय हे?”

“वाहते? मला तर काहीच ऐकू येत नाही गं.” त्या क्षणभर थांबल्या. “मग पहाटे नळाला पाणी नसतं, ते यामुळंच होय! मला वाटायचं, मोटारच नीट पाणी चढवत नाही. म्हणून मी रात्रीच बादली भरून ठेवते. आणि खरं सांगू का, दिवेलागणीनंतर पाणी पीतच नाही. प्यायलं नाही म्हणजे उठायला नको.”

मार्चमध्ये आत्यांना लघवीच्या जंतुसंसर्गाने आठ दिवस आजारपण काढावे लागले होते. त्या आजारपणाचे एकमेव कारण ही टाकी होती, असे मी म्हणणार नाही. वृद्धापकाळात असा संसर्ग अनेक कारणांनी होतो. परंतु उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही न घेणे त्याला हातभार लावणारेच होते. वॉशरएवढ्या बारीकशा बिघाडाने एका वयस्क स्त्रीची तहान, झोप आणि रात्रीची पावले कशी बदलून टाकली होती, हे त्या चहाच्या वेळी माझ्या ध्यानात आले. आरोग्याच्या सदरात फ्लशच्या टाकीविषयी लिहिण्याचे कारण हेच आहे.

आवाज कोणाला ऐकू येतो?

वयोमानाने येणारा बहिरेपणा प्रथम उंच पट्टीचे, बारीक आवाज हिरावून घेतो. समोरच्या माणसाचे बोलणे बऱ्यापैकी कळते. मात्र कुकरची दूरची शिटी, पक्ष्यांची किलबिल, पाण्याची सूक्ष्म सळसळ हरवून जाते. त्यामुळे घरात वृद्ध व्यक्ती एकटी राहत असेल, तर अशी गळती महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. सुटीला आलेली लेक, भाचा किंवा नातू यांनाच ती प्रथम ऐकू येते. तेव्हा वडीलधाऱ्यांच्या घरी मुक्कामाला गेल्यावर, सर्वत्र निजानीज झाली की एकदा संडासाच्या दाराशी दोन मिनिटे उभे राहावे. आपल्या कानांनी त्यांच्यासाठी करावयाचे हे एक छोटेसे काम आहे.

किती पाणी वाया जाते, हेही मोजून पाहिले. टाकीकडे येणारा पाण्याचा कॉक बंद केला, टाकीच्या आतील बाजूस पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण केली आणि दहा मिनिटे थांबले. पातळी खाली गेली होती. ती पुन्हा खुणेपर्यंत आणण्यासाठी २०० मिलिलिटरचे दहा पेले ओतावे लागले. म्हणजे मिनिटाला एक पेला, तासाला १२ लिटर आणि दिवसरात्र मिळून २८८ लिटर. आत्यांच्या छतावरची टाकी ५०० लिटरची आणि मोटार दिवसातून एकदाच, सकाळी चालते. स्नान, स्वयंपाक, धुणीभांडी यांच्या जोडीला ही गळती मोजली की पहाटे नळ कोरडा का पडत असे, याचा उलगडा होतो. ज्या शहरांत भुयारी गटारे आहेत, तेथे पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. आत्यांच्या एकटीच्या घरात दोन माणसांच्या वाट्याहून अधिक पाणी कोणाच्याही कामी न येता वाहून जात होते.

लातूरकरांना पाण्याचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. २०१६च्या उन्हाळ्यात शहराची तहान भागवणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून ‘जलदूत’ रेल्वे लातुरात आली. तिच्या पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आत्यांच्या टाकीएवढी गळती साधारण १,७४० घरांत असेल, तर तेवढे पाणी एका दिवसात गटारात जाईल. हा हिशेब सांगितला, तेव्हा आत्या म्हणाल्या, “रेल्वेनं आलेलं पाणी हंड्यानं भरून प्यालेली माणसं आम्ही. आणि माझ्याच घरात हे व्हावं?” त्यांच्या स्वरात अपराधीपणा होता. तो मला अधिक बोचला. कारण दोष त्यांचा नव्हताच.

आधी निदान, मग उपाय

वैद्यकशास्त्रात जे तत्त्व, तेच येथेही. टाकी वाहते म्हणजे दोहोंपैकी एक गोष्ट घडत असते. एकतर टाकीच्या तळाशी असलेले रबर नीट बसत नसल्यामुळे पाणी खालून झिरपते. किंवा पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह वेळीच बंद होत नसल्यामुळे टाकी गरजेपेक्षा अधिक भरते आणि जादा पाणी मधल्या उभ्या नळीतून कमोडमध्ये उतरते.

कोणता बिघाड आहे, हे ओळखण्यास वर सांगितलेली पेन्सिलीची खूण पुरेशी आहे. कॉक बंद करून अर्धा तास फ्लश वापरू नये. पातळी खुणेखाली गेली, तर दोष तळाच्या रबराचा. पातळी स्थिर राहिली आणि कॉक उघडल्यावर पाणी उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढून तिच्यात पडू लागले, तर दोष आत येणाऱ्या व्हॉल्व्हचा. दृष्टी अधू असल्यास पांढऱ्या कपड्यांना घालतो त्या निळीचे चार थेंब टाकीत टाकावेत. पाणी उभ्या नळीच्या तोंडाखाली असूनही अर्ध्या तासात कमोडमध्ये निळी छटा उतरली, तर रबर गळते आहे असे समजावे.

नांदेडला आमच्या घरी दुसऱ्या प्रकारचा बिघाड झाला होता. नांदेड शहराला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी मिळते. तरीही आमच्या भागातील बहुतेक घरांप्रमाणे आम्हालाही वर्षातील काही महिने बोअरवर भिस्त ठेवावी लागते. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. स्टीलच्या नळावर जो पांढरा थर चढतो, तोच टाकीतील व्हॉल्व्हच्या सूक्ष्म छिद्रांतही साचतो. आमच्या टाकीतील तरंगणारा गोळा बोटाने वर उचलला, तरी पाणी थांबेना. म्हणजे गोळ्याची उंची योग्य होती, अडथळा व्हॉल्व्हमध्ये होता. कॉक बंद करून व्हॉल्व्हचे वरचे टोपण काढले, आतील वॉशर आणि जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवली, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने हलकेच घासली आणि परत बसवली. व्हिनेगर नसेल, तर लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवूनही हे काम होते.

गोळा उचलल्यावर पाणी थांबत असेल, तर मात्र केवळ गोळ्याची पातळी खाली आणावी लागते. प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला त्यासाठी स्क्रू असतो. टाकीतील पाणी उभ्या नळीच्या तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबले पाहिजे. गोळा हलवून पाहिल्यावर आत पाणी खळखळले, तर तो फुटला आहे. तो बदलावाच लागतो.

तळाचे रबर गळत असेल, तर कॉक बंद करून फ्लश करावा आणि टाकी रिकामी करावी. बऱ्याच टाक्यांत मधला भाग किंचित फिरवून वर उचलता येतो. त्याच्या खालची रबरी चकती आणि ती जेथे टेकते ती कडा मऊ फडक्याने पुसावी. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. आपल्याकडे नळाला पाणी खंडाने येते. नळ कोरडा राहून नव्याने पाणी आले की पहिल्या लोंढ्यासोबत गाळ आणि बारीक वाळू येते. ती टाकीत उतरून या रबराखाली अडकते. म्हणून खंडानंतर पाणी आले की आधी खालचा एखादा नळ सोडून गढूळ पाणी बादलीत काढावे आणि मगच टाक्या भराव्यात. ते पाणी झाडांना चालते. रबर कडक झाले असेल, वाकले असेल किंवा बोटांना काळे लागत असेल, तर जुनी चकती सोबत नेऊन दुकानातून तशीच नवी आणावी. नमुना सोबत असला की चुकीच्या मापाची फेरी वाचते.

काही खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. कॉक घट्ट बसला असेल, तर जोर लावू नये. तो तुटला तर घरभर पाणी होईल. अशा वेळी छतावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून प्लंबरला बोलवावे. चिनीमातीचे झाकण जड आणि निसरडे असते. ते दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर टॉवेलवर आडवे ठेवावे. टाकीला तडा असेल, कमोडच्या बुडाशी पाणी साचत असेल किंवा टाकी भिंतीत बसवलेली असेल, तर घरगुती खटपट करू नये. उंचावर साखळीची टाकी असेल, तर ज्येष्ठांनी स्टुलावर चढण्याचा विचारही मनात आणू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संडास स्वच्छ करण्याचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद जागेत प्राणघातक ठरू शकतो. दम्याच्या रुग्णांना तर त्याची थोडी मात्राही सोसत नाही.

आत्यांच्या टाकीचे खरे दुखणे

आत्यांच्या टाकीचे रबर मी पुसले. खाली वाळूचे दोन कण होते, तेही काढले. तरीही अर्ध्या तासाने पातळी खुणेखालीच. तेव्हा झाकणाकडे नीट पाहिले. भिंतीवर टांगलेली ती प्लास्टिकची टाकी एका बाजूला किंचित कलली होती आणि झाकण त्याच बाजूने दबले होते. फ्लशचे बटण झाकणाच्या कडेला घासून पुरते वर येत नव्हते. बटण अर्धवट दबलेले राही, म्हणून खालचे रबरही अर्धवट उचललेले राही.

टाकी कशी कलली असेल, हे कळेना. दुपारी आत्या संडासात जाताना मी सहज पाहिले. कमोडवर बसण्यापूर्वी त्यांनी हात मागे नेला आणि शरीराचा सारा भार टाकीच्या झाकणावर टाकून त्या हळूहळू खाली बसल्या.

“आत्या, टाकीला धरून बसता का तुम्ही?”

“मग कशाला धरू? गुडघे कुठं साथ देतात आता!” त्या हसत म्हणाल्या.

उत्तर इतके साधे होते आणि तरी घरातल्या कोणाच्याही ध्यानात ते आले नव्हते. मी तर ध्यानात न आलेल्यांत पहिली. कारण दरवर्षी त्यांच्याकडे जाऊनही त्या बसतात-उठतात कशा, याकडे मी कधी पाहिलेच नव्हते. ती टाकी दोन लहान हुकांवर टांगलेली होती. माणसाचा भार पेलण्यासाठी ती बनवलेलीच नसते. हूक निखळले असते, तर टाकीसह आत्या फरशीवर आल्या असत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पडण्यामुळे ओढवणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण साठीनंतरच्या व्यक्तींमध्ये सर्वाधिक आहे. ओली फरशी, अपुरा उजेड आणि हाताशी आधार नसणे या तिन्ही गोष्टी आपल्याकडील संडास-न्हाणीघरात एकत्र येतात.

त्याच संध्याकाळी नळफिटिंगचे काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावले. त्याने टाकी सरळ करून नवे हूक बसवले, बटण मोकळे केले आणि भिंतीत पक्के स्क्रू ठोकून कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे लावले. दांड्यांची उंची आत्यांना प्रत्यक्ष बसवून, त्यांच्या कोपराच्या अंदाजाने ठरवली. हे आवर्जून सांगते. कारण पुष्कळदा दांडे बसवणाऱ्याच्या सोयीने लागतात, वापरणाऱ्याच्या नव्हे. टॉवेल टांगण्याची दांडी आधारासाठी चालत नाही. तीही उपटून येते.

दुरुस्ती होईपर्यंत

अनेक घरांत टाकी वाहू लागली की कॉक कायमचा बंद करतात आणि शेजारी बादली ठेवतात. पाणी वाचते, पण त्याचा भार घरातील सर्वांत अशक्त माणसावर पडतो. भरलेल्या दहा लिटरच्या बादलीचे वजन दहा किलोंहून अधिक होते. अर्धवट झोपेत, ओल्या फरशीवर, वाकून ती उचलणे हे पंचाहत्तरीच्या देहाचे काम नव्हे. नाइलाजाने दोन-चार दिवस तसे करावे लागलेच, तर पुढील काळजी घ्यावी.

बादली अर्धीच भरावी, ती झोपण्यापूर्वी काळजीवाहकाने ठेवावी आणि हलक्या मगने पाणी घेता येईल अशा उंचीवर, पक्क्या चौरंगावर ठेवावी. रात्री लघवीनंतर लगेच पाणी टाकले नाही तरी चालेल, असे वडीलधाऱ्यांना आपण होऊन सांगावे. स्वच्छतेच्या संस्कारामुळे त्यांना ते बरे वाटत नाही. म्हणून ते आपणच सांगावे लागते. बादली आणि पिंपावर झाकण असावे आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वापरात नसलेल्या संडासाची टाकीही त्याला चालते.

पिण्याचे पाणी मात्र तोडू नये. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते; त्यामुळे ‘तहान लागली की पिऊ’ हा नियम उतारवयात अपुरा पडतो. रात्री वारंवार उठावे लागत असेल, तर दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा सकाळ-दुपारी घ्यावा आणि झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत थोडे कमी प्यावे. एकूण प्रमाण घटवू नये. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात असेल, तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे; स्वतःहून गोळी बंद करू नये. लघवीला जळजळ, ताप, रक्त, लघवी तुंबणे किंवा अचानक आलेले गोंधळलेपण यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित तपासणी करून घ्यावी.

रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे. एकदम उभे राहिल्याने रक्तदाब खाली येऊन भोवळ येते. पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा असावा आणि दाराची कडी आतून लावू नये.

आत्यांच्या घरून निघण्याच्या आदल्या रात्री मी पुन्हा संडासाच्या दाराशी उभी राहिले. आवाज नव्हता. पहाटे आत्या उठल्या, तेव्हा मी जागीच होते. दांड्यावर हात टेकल्याचा हलका आवाज आला, मग एकदाच फ्लशचा, मग टाकी भरल्याचा आणि मग सारे शांत झाले. सकाळी त्या म्हणाल्या, “काल रात्री झोपताना तांब्याभर नाही, पण पेलाभर पाणी प्यायले बरं का.”

या पंधरवड्यात आपणही आपल्या घरातील किंवा आई-वडिलांच्या घरातील टाकीत पेन्सिलीची एक खूण करून पाहावी. आणि टाकी वाहत असेल, तर रबर तपासण्यासोबतच एक प्रश्न अवश्य विचारावा: बसताना, उठताना तुम्ही कशाला धरता?